जाळीआडचा आवाज

स्पीकरच्या तोंडावरची जाळी लावून ऐकावं की काढून, या प्रश्नावर आमच्या घरात गेल्या दिवाळीपासून दोन पक्ष पडले आहेत. माझा भाचा काढा-पक्षाचा. पुण्याहून सांगलीला आला, की हातपाय धुवायच्या आधी दोन्ही जाळ्या काढून सोफ्याच्या मागे उभ्या करतो. सौ. लावा-पक्षाची. त्याची गाडी कोपऱ्यावरून वळायच्या आत जाळ्या परत जागेवर! ३४ वर्षं वर्गातली भांडणं सोडवलेली असल्यामुळे दोन्ही बाजू ऐकून घ्यायचं काम आपोआप माझ्याकडे आलं. (ऐकून घेणं हा शब्दप्रयोग मी इथे जरा जपूनच करतोय. का, ते पुढे येईल.)

आपण जाळी म्हणतो खरं, पण बहुतेक घरगुती स्पीकरवर असतं ते लाकडाच्या किंवा प्लॅस्टिकच्या चौकटीवर ताणून बसवलेलं काळं कापड. चौकटीला मागून चार खुंट्या, त्या स्पीकरच्या भोकांत दाबल्या की झालं. काही स्पीकरना भोकाभोकांचा पत्रा असतो. अलीकडच्या काहींना खुंट्या नसतात, आत लपवलेल्या लोहचुंबकावर जाळी चिकटते. आमचे स्पीकर २५ वर्षांपूर्वीचे, पुस्तकांच्या फळीवर मावतील एवढे. खाली १३ सेंटीमीटरचा पडदा, तो वूफर. वर २५ मिलिमीटरचा रेशमी कापडाचा घुमट, तो ट्वीटर. डग्गा आणि माणसाच्या गळ्याचा बराचसा भाग खालचा सांभाळतो. झांजांची किणकिण, तबल्याची चाट, 'स'मधला सुस्कारा हे वरच्याचं काम. जाळीवरून जो वाद आहे तो जवळजवळ सगळा या वरच्या चिमुकल्या घुमटाबद्दल आहे, हे आधीच सांगून ठेवतो. डग्ग्याला जाळीचं काही सोयरसुतक नसतं.

भाच्याचं म्हणणं थोडक्यात असं: "मामा, कुणी बासरी वाजवत असेल तर आपण त्याच्या तोंडावर रुमाल धरतो का?" सौ.चं म्हणणं त्याहून थोडक्यात: "पाल आत शिरली तर तूच काढ."

दोन्ही मुद्दे बिनतोड.

मी बी.ए.ला मराठी घेतलेला माणूस. विज्ञानाशी संबंध जुन्या अकरावीपर्यंतचा. पण या प्रकरणातलं विज्ञान तेवढ्यावर समजण्यासारखं आहे. आवाज हवेतून सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. म्हणजे सेकंदाला १०० कंपनं होणाऱ्या आवाजाची एक लहर ३.४ मीटर लांब, आमच्या बाहेरच्या खोलीच्या रुंदीएवढी. १,००० कंपनांची ३४ सेंटीमीटर, शाळेतल्या फूटपट्टीपेक्षा थोडी मोठी. आणि १०,००० कंपनांची फक्त ३.४ सेंटीमीटर, म्हणजे काडेपेटीच्या रुंदीएवढी. वाटेत काही आडवं आलं तर लहर त्याची दखल घेते की नाही, हे ती वस्तू तिच्या मानानं केवढी आहे यावर ठरतं. रस्त्यावरचा खडा ट्रकला कळत नाही, सायकलला कळतो.

आता कापड बघा. विरळ विणीच्या पातळ कापडातून हवा सहज आरपार जाते. त्यातून सर्वांत बारीक, सर्वांत वरच्या आवाजाचा किंचित अंश कमी होतो, डेसिबलच्या अपूर्णांकात मोजावा इतका. आवाज १ डेसिबलनं कमीजास्त झाला तर तो फरक माणसाच्या कानाला जेमतेम कळतो. म्हणजे कापडावर फारसा आरोप ठेवता येत नाही.

चौकटीचं मात्र तसं नाही. आमच्या जाळीची चौकट मी पट्टीनं मोजली. जाडी दीड सेंटीमीटर, आणि ट्वीटरच्या मध्यापासून तिची आतली कड ५ सेंटीमीटरवर. ट्वीटरमधून निघालेला आवाज काही एका रेषेत माझ्याकडे येत नाही, तो पसरतो. त्यातला काही भाग स्पीकरच्या लाकडावरून सरपटत बाजूला जातो, चौकटीच्या कडेवर आपटतो आणि तिथून माझ्याकडे वळतो. तो थेट आवाजापेक्षा ५ सेंटीमीटर उशिरा पोचतो. ६,८०० कंपनांच्या आवाजाची लहर ५ सेंटीमीटरची, म्हणजे हा लेटलतीफ बरोबर एक लहर उशिरा येऊन मूळ आवाजाच्या पावलाशी पाऊल जुळवतो, आणि आवाज थोडा वाढतो. ३,४०० कंपनांची लहर १० सेंटीमीटरची, तिथे तो अर्धीच लहर उशिरा येतो आणि उलट्या पावलावर पडतो. तिथे आवाज घटतो. प्रत्यक्षात चार कडा चार अंतरांवर असतात, त्यामुळे हे सगळं बरंच मिसळून जातं आणि उरतो तो एक-दोन डेसिबलचा चढउतार. फार नाही, पण कापडापेक्षा जास्त. काही कंपन्या म्हणूनच चौकटीच्या आतल्या कडा तासून तिरप्या करतात, आणि काही ट्वीटर मुद्दाम मध्यापासून बाजूला बसवतात, म्हणजे सगळ्या कडांचा गोंधळ एकाच ठिकाणी गोळा होत नाही.

भाच्याला हे सांगितलं तेव्हा तो खूश झाला. "म्हणजे काढायचीच ना!" पण इतकंही सरळ नाही. काही स्पीकर जाळीसकट ऐकायचे म्हणूनच घडवलेले असतात. बीबीसीच्या अभियंत्यांनी १९७० च्या दशकात एलएस ३/५ए नावाचा एक छोटा स्पीकर तयार केला, बाहेरच्या प्रक्षेपणाच्या गाडीसारख्या अडचणीच्या जागेत बसून आवाज तपासायला. आजही त्याचे भक्त जगभर आहेत. त्याच्या ट्वीटरभोवती जाड नमद्याच्या पट्ट्या चिकटवलेल्या असतात, त्या कडेकडे सरपटत जाणारा आवाज शोषून घ्यायला. आणि त्याचा एकूण आवाज जमवला होता तो पुढचं कापड लावून. त्याची जाळी काढून ऐकणं म्हणजे मसाला बेतशीर घातलेल्या आमटीत "आणखी चव येईल" म्हणून वरून तिखट घालणं. उलट अमेरिकेतल्या जेबीएल कंपनीचा १९७० साली आलेला एल १०० हा स्पीकर. त्याची जाळी म्हणजे चौकोनाचौकोनांचा फोमचा तुकडा, नारिंगी, निळा, तपकिरी. दिसायला झोकदार, पण फोम म्हातारा झाला की त्याचा भुगा होतो, आणि तो भुगा स्पीकरच्या पडद्यावर सांडतो. तेव्हा जाळी काढावी की ठेवावी, याचं उत्तर स्पीकर बनवणाऱ्यानं तो कसा ऐकून जमवला यावरही अवलंबून आहे. माहितीपत्रक जपून ठेवलेलं असेल तर त्यात बघावं. (आमच्याकडे ते होतं. सौ.नं त्यावर रद्दीचा हिशेब केलेला सापडला.)

कापडाबद्दल इतकं मवाळ बोललो, पण कुठलंही कापड चालतं असं कुणी समजू नये. नात्यातल्या एका हौशी बाईंनी जाळीचं जुनं कापड विरलं म्हणून त्या चौकटीवर हिरवागार जरीकाठी खण ताणून बसवला. दिसायला इतकं सुरेख, की हळदीकुंकवाला आलेल्या बायकांनी स्पीकरचीच चौकशी केली. पण खणाची वीण घट्ट. झांजा गोधडीत गुंडाळून वाजवल्यासारख्या येऊ लागल्या आणि निवेदिका दातदुखी झाल्यासारखं बोलू लागली. यावर एक साधी कसोटी आहे. कापड ओठांपाशी धरून फुंकर मारायची आणि पलीकडे तळहात धरायचा. फुंकर हाताला जवळजवळ तशीच लागली तर कापड चालेल. अडली तर त्याचा ब्लाऊज शिवावा.

इथे कुणी म्हणेल, की मग आपल्या लहानपणच्या रेडिओचं काय? मर्फी, फिलिप्स, बुश, सगळ्यांच्या तोंडावर सोनेरी धाग्यांचं जाड कापड असायचं. शिवाय आमच्याकडे आईनं क्रोशानं विणलेलं झाकण वरून असे, ते बातम्यांच्या वेळी मागे टाकायचं आणि बातम्या संपल्या की पदरासारखं पुढे ओढायचं. तरी गाणी कशी छान लागायची! त्याचं कारण असं, की मध्यम लहरींवरून येणाऱ्या आवाजात ५,००० कंपनांच्या वर फारसं काही नसायचंच. जे आलेलंच नाही ते कापड काय अडवणार? ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांचंही जवळपास तसंच. उस्ताद अब्दुल करीम खाँसाहेब १९३७ साली गेले. मिरजेला राहणारे, म्हणजे आम्हा सांगलीकरांचे शेजारीच. त्यांच्या ज्या तबकड्या आज आपण ऐकतो त्या सगळ्या त्याआधीच्या. त्यांच्यात वरचं टोक थोडकंच, आणि त्यावर सुईची खरखर. पुढे एफएम आलं, ते १५,००० कंपनांपर्यंत पोचतं. १९८२ साली सीडी आली, ती २०,००० पर्यंत. वरचा हा मजला बांधला गेला तेव्हा कुठे दारावरच्या पडद्याची चर्चा सुरू झाली.

आता गेल्या दिवाळीबद्दल. भाचा सहकुटुंब आला होता तो मुलीच्या तंबोऱ्याची जवारी लावून घ्यायला. मुलगी १४ वर्षांची, गाणं शिकते. मिरज आमच्यापासून दहाएक किलोमीटरवर, आणि तंबोऱ्यासाठी देशभरातले गाणारे जिथे येतात त्या गावाच्या शेजारी मामा राहत असेल तर मुक्काम ठरलेला. (मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. आमच्याकडच्या लोकांना त्यात मिळण्यासारखं नवीन काय, असंच वाटलं.) ज्यांनी जवारीचं काम पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो. तंबोऱ्याची तार घोडीवरून जाते, आणि घोडीचा माथा सपाट नसतो, किंचित उतरता असतो. त्यामुळे छेडलेली तार घोडीला शिवत-सुटत राहते आणि मूळ स्वरावर वरच्या स्वरांचा एक पिसाराच उभा राहतो. तारेखाली सुताचा एक दोरा असतो. तो अलगद पुढेमागे सरकवून पिसारा फुलतो ती जागा शोधायची. दोरा केसभर हलला तरी बोलका तंबोरा घुमा होतो.

जवारी लागल्यावर भाच्यानं त्याच्या रेकॉर्डरवर पाच मिनिटं नुसता तंबोरा उतरवून घेतला आणि घरी येऊन आमच्या स्पीकरवर लावला. मग अर्थातच जाळीचा वाद निघाला. मी म्हटलं, परीक्षा घेऊ. डोळे मिटून. डोळे मिटायचं कारण असं, की कॅनडात पूर्वी संशोधन केलेले फ्लॉइड टूल आणि त्यांचे सहकारी शॉन ऑलिव्ह यांनी १९९४ साली दाखवून दिलं, की तेच लोक तेच स्पीकर बघत ऐकताना एक गुण देतात आणि पडद्याआड ऐकताना वेगळे. चांगले मुरलेले ऐकणारेही याला अपवाद नव्हते. उघडा ट्वीटर डोळ्यांना दिसला, की कानही "आता मोकळं वाटतंय" म्हणायला तयार होतात.

पद्धत अशी ठरली: नाणं टाकायचं, छापा पडला तर जाळी, काटा पडला तर उघडं. १० फेऱ्या. ऐकणाऱ्यानं भिंतीला टेकून डोळे मिटून बसायचं आणि "आहे" किंवा "नाही" म्हणायचं. नात पहिली बसली, आणि १० पैकी १०. पैकीच्या पैकी मार्क दिसले की शिक्षकाचा हात आपोआप पेपर उलटून बघतो. मी नुसतं तिच्याकडे पाहिलं, तर ती हसायला लागली. "मामाआजोबा, खुंटी बसताना टक् असं वाजतं!"

पेपर रद्द. नवा नियम: प्रत्येक फेरीला जाळी काढून, लावून, मग हवी तर परत काढायची, म्हणजे टकटक दर वेळी सारखीच. आता निकाल असा लागला. नात १० पैकी ८. भाचा ६. मी ५. सौ. चार फेऱ्यांना बसली, चारही बरोबर सांगितल्या आणि गॅसवर दूध आहे म्हणून उठून गेली ती परत आलीच नाही. गणित शिकवणाऱ्या माझ्या जुन्या सहकाऱ्यानं नंतर कागदावर मांडून दिलं: नुसत्या अंदाजानं १० पैकी ८ किंवा त्याहून जास्त बरोबर येण्याची शक्यता १,०२४ मध्ये ५६. म्हणजे नातीला बहुधा खरंच ऐकू येत होतं. सौ.चे चारपैकी चार अंदाजानं येण्याची शक्यता १६ मध्ये १. आणि माझे ५ म्हणजे नाण्यानंच उत्तरपत्रिका लिहावी तसे.

मग आम्ही खाँसाहेबांची जुनी तबकडी लावली, म्हणजे तिची सीडीवरची प्रत. तोच खेळ, त्याच १० फेऱ्या. नात ५ वर आली. तिलाच आश्चर्य वाटलं. मला नाही वाटलं. वर काही नसलं की तिचे कान आणि माझे कान एका बाकावर.

मी तिला विचारलं, "जाळी असताना आणि नसताना नक्की काय फरक पडतो, सांग बघू." तिनं थोडा विचार केला. "जाळी लावली की दोरा सरकल्यासारखा वाटतो. तंबोरा तोच आहे, लागलेलाही आहे, पण तार घोडीला कमी लागतेय असं." वर्णन म्हणून मी तिला दहापैकी दहा दिले असते. या विषयावर मी जेवढं वाचलं त्यात कुणी इतकं नेमकं सांगितलेलं नाही. मग ती म्हणाली, "तुम्हाला कसं वाटतं?" मी म्हटलं, मला षड्ज ऐकू येतो, पंचम ऐकू येतो, छान वाटतं.

तिनं खोळ काढून खरा तंबोरा घेतला आणि माझ्यापासून दोन हातांवर बसून छेडला. ना स्पीकर, ना जाळी, ना चौकट. मला तो स्पीकरवरच्यासारखाच ऐकू आला. जाळी लावलेल्या की काढलेल्या, हे विचारू नका, कारण त्या दोहोंतला फरक मला कळत नव्हताच. मधला पिसारा कुठे गेला होता तो शोधायला आता फार जागा उरल्या नव्हत्या.

डिसेंबरात कान तपासून घेतले. आवाज न शिरणाऱ्या एका छोट्या खोलीत बसवतात, कानांवर हेडफोन, हातात बटण. बारीक आवाज आला की दाबायचं. २५० कंपनांपासून ८,००० पर्यंत. मग आलेख काढून देतात, उजव्या कानाचे लाल गोल, डाव्याच्या निळ्या फुल्या. माझे गोल आणि फुल्या १,००० पर्यंत पठारावरून चालतात आणि तिथून आंबा घाट लागतो. ४,००० ला ५५ डेसिबल खाली, ८,००० ला ७०. वयानं असंच होतं, सगळ्यांचंच होतं, वरचे स्वर आधी जातात, असं तिथल्या बाईंनी सांगितलं. बहुधा दिवसातून दहा वेळा सांगत असाव्यात, पण मला सांगताना घाई केली नाही.

जाळी घेते एक ते दोन डेसिबल. वय घेतं ७०. हा हिशेब मी भाच्याला फोनवर सांगितला तेव्हा तो एकदम गप्प झाला. "मामा, मी जाळीवरून उगाच..." मी म्हटलं, उगाच नाही रे, तुझ्या मुलीला फरक पडतो म्हणजे पडतो. माझं मत विचाराल तर ज्या घरात जो खरंच कान देऊन ऐकतो आणि ज्याचे कान सर्वांत तरुण, त्याच्या मतानं जाळी ठरवावी. चौकट जाड असेल, कंपनीनं जाळीसकट ऐका असं म्हटलेलं नसेल, आणि घरात रांगतं मूल नसेल, तर ऐकण्यापुरती काढावी. एरवी असू द्यावी. रेशमी घुमटाला लहान मुलाचं एक बोट पुरतं. तो आत दबला तर कधी चिकटपट्टीनं ओढून बाहेर येतो, पण धातूचा असेल तर पडलेली घडी जन्मभर राहते. धूळ, झुरळं, केरसुणीची काडी, पाल, या सगळ्यांच्या वतीनं सौ. बोलते ती काही खोटं बोलत नाही. आणि जाळीच्या आधी बघायच्या गोष्टी दुसऱ्याच आहेत. ट्वीटर कानाच्या उंचीला आहे का? तो तुमच्याकडे बघतोय की दाराकडे? वरचे आवाज टॉर्चच्या झोतासारखे समोर जास्त पडतात, बाजूला कमी. भाच्यानं फोनवरच्या ॲपनं मोजून बघितलं (प्रयोगशाळेचं मोजमाप नव्हे, घरगुती). जाळीनं ८-१० हजारांच्या आसपास साधारण दीड डेसिबलचा फरक दाखवला, आणि माझी खुर्ची हातभर सरकवल्यावर चार डेसिबलचा. कपाटावर चढवलेल्या स्पीकरची जाळी काढून ठेवणारे लोक मी पाहिलेत. खाली उतरवा आधी.

मला स्वतःला गाण्यापेक्षा जास्त लागलं ते वेगळंच. जन्मभर मी मुलांना श, ष, स शिकवले. शुद्धलेखन घालताना शेवटच्या बाकावरच्या मुलानं 'साल' लिहिलं की 'शाल', ते तो पुटपुटत लिही त्यावरून मला फळ्याजवळून कळायचं. 'स'चा सुस्कारा बहुतेक ४,००० कंपनांच्या वर असतो. 'श'चा त्याच्या खालून सुरू होतो. म्हणजे माझ्या घाटातून 'श' निम्मा तरी वर चढून येतो, 'स' खालीच राहतो. कुणी 'सरण' म्हटलं तरी मला हल्ली 'शरण' ऐकू येतं. या वयात एका दृष्टीनं ते बरंच आहे म्हणा. :-) पण नात फोनवर बोलते तेव्हा मी तिचे 'स' अर्थावरून लावून घेतो, हे तिला कळू लागलं होतं. ती माझ्याशी जरा सावकाश बोलायची. त्या सावकाशीचा मला राग यायचा, तिच्यावर नाही, नुसताच.

जानेवारीत श्रवणयंत्रं घेतली. पहिले चार दिवस वर्तमानपत्राचं पान उलटलं तरी कुणी पत्रा ओढतंय असं वाटे. यंत्रं मुळात बोलणं ऐकायला बनवलेली, त्यामुळे मोठा आवाज ती दाबतात आणि छोटा उचलतात. गाण्यात त्यानं तान एकसुरी सपाट होते. बाईंनी गाण्यासाठी एक वेगळी जुळवणी करून दिली आहे, बटण दाबून ती निवडायची. तंबोऱ्यात आता काहीतरी आहे. पिसारा म्हणणार नाही, पण पिसं आहेत.

आणि गंमत बघा, या यंत्रालाही जाळी आहे! कानात जाणाऱ्या टोकावर, तांदळाच्या कणीएवढी, पांढरी. कानातला मळ आत जाऊ नये म्हणून. ती बुजली की आवाज मंद होतो आणि पूर्ण बुजली तर यंत्र मुकं. बदलायला एक इवलीशी काडी मिळते, एका टोकानं जुनी जाळी उपसायची, दुसऱ्या टोकानं नवी बसवायची. माझ्या बोटांना ते जमत नाही, सौ. करते, खिडकीत उजेडाला बसून, सुईत दोरा ओवल्यासारखी. पहिल्यांदा बदलली तेव्हा तिनं भाच्याला मुद्दाम फोन लावून सांगितलं, "ही मात्र काढून ठेवायची नाही हं!"

मे महिन्याच्या सुट्टीत ते सगळे येणार आहेत. यंत्रं लावून पुन्हा १० फेऱ्या घ्यायच्या, असं नातीनं परस्पर ठरवलंय. त्या वेळचं नाणं मी टेबलाच्या खणात वेगळं ठेवलं आहे.